शेजारच्या गटाचा ले-आऊट मंजुरीला गेलाय. साहेब लोक नक्की काय बघतात?

ओढ्याकाठचा
नमस्कार मंडळी. आमच्या घरामागे १ हेक्टर ६० आरचा एक गट आहे. आधी ज्वारी असायची, मग दोन वर्षं पडीक, आणि आता चुन्याच्या रेघा. गाव तालुक्याचं, जागा नगरपरिषदेच्या हद्दीत, विकास आराखड्यात रहिवास विभाग. म्हणजे प्लॉट पडणार हे ठाऊकच होतं. त्याबद्दल तक्रार नाही. आम्हीही कधीतरी कुणाच्या तरी ज्वारीतच घर बांधलंय.

प्रश्न ओढ्याचा आहे. गटाच्या उत्तरेच्या बांधाला लागून ओढा जातो. जानेवारीत बघाल तर कोरडा ठणठणीत, काठावर बाभळी, तळाला पिशव्या. पण पावसाळ्यात एखादी रात्र अशी येते की आमच्या कंपाउंडच्या दुसऱ्या थराच्या विटेपर्यंत पाणी चढतं. ओळखीतून प्रस्तावित नकाशाचा फोटो मिळाला. त्यात ओढ्याच्या जागी एक बारीक रेघ आणि तिच्याशेजारी शब्द: 'चर'. अहो, चर! ३८ प्लॉट, मधून नऊ मीटरचा रस्ता, आणि ओपन स्पेस म्हणून त्या 'चरा'ला चिकटलेली लांबलचक पट्टी.

फाइल नगरपरिषदेत आहे. अशा वेळी अधिकारी नक्की काय तपासतात? जागेवर येतात का? आणि शेजाऱ्यांना विचारायची काही पद्धत आहे की नाही?

उगाचच
येतात ना जागेवर. चारचाकीतून. काच खाली होते, एक हात बाहेर येतो, 'हाच का गट?' काच वर.

सातबारा_कोरा
वाचतोय. आमच्याकडेही सेम चाललंय, फक्त ओढ्याऐवजी विहीर आहे.

रेखाटणी
मी नगररचना खात्यात आरेखक होतो, निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. उगाचच यांची काच खाली-वर होणारी गाडी मी पाहिलेली आहे, नाकारत नाही. पण टेबलावर काय होतं ते सांगतो.

ले-आऊटचा, म्हणजे सरकारी भाषेत अभिन्यासाचा प्रस्ताव आला की पहिल्यांदा कागद. सातबारा, फेरफार, मोजणीची 'क' प्रत, झोन दाखला, जमीन भोगवटादार वर्ग २ ची (म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी) किंवा कुळकायद्याच्या बंधनातली आहे का, भूसंपादनात आहे का. मग नकाशा. सध्या राज्यात बृहन्मुंबई आणि काही अपवाद सोडले तर डिसेंबर २०२० पासूनची एकत्रिकृत नियमावली लागते, लोक तिला यूडीसीपीआर म्हणतात. त्यात साध्या गोष्टी आहेत. क्षेत्र ४,००० चौ.मी. किंवा जास्त असेल तर दहा टक्के खुली जागा. तुमच्या गटाला १,६०० चौ.मी. आतला रस्ता १५० मीटर लांबीपर्यंत ९ मीटर रुंद, १५० ते ३०० असेल तर १२, त्यापुढे १५. आराखड्यातला रस्ता गटातून जात असेल तर तो जसाच्या तसा दाखवावा लागतो. बाजूच्या मंजूर ले-आऊटचा रस्ता आपल्या हद्दीला येऊन थांबला असेल तर तो पुढे न्यायचा, भिंत घालून मारायचा नाही.

आता नकाशा कसा वाचायचा ते सांगतो, कारण हे कुणी सांगत नाही. रंग बघा. अस्तित्वातला रस्ता अखंड हिरव्या रंगात, भविष्यातला तुटक हिरव्यात. प्लॉटच्या रेषा जाड काळ्या. मी नव्याने लागलो तेव्हा आमचे साहेब नकाशा हातात आला की आधी हिरवा शोधायचे. म्हणायचे, 'हिरवा खोटा असेल तर बाकीचं बघण्यात अर्थ नाही.' कारण पोहोच रस्ता नसलेल्या गटाला रस्ता 'दाखवण्या'ची सोपी युक्ती म्हणजे कुणाच्या तरी बैलगाडीच्या वाटेवर अखंड हिरवी रेघ ओढायची.

तुमच्याकडच्या फोटोत हिरवा कुठे आहे? आणि आतल्या रस्त्याची लांबी काय लिहिली आहे?

ओढ्याकाठचा
रेखाटणीकाका, मनापासून आभार. आत्ता मोबाइलवर झूम करून बघितलं. रस्त्याची लांबी १४८ मीटर लिहिली आहे.

उगाचच
१४८! दोन मीटर देवाला ठेवलेत.

रेखाटणी
:) १४८ आणि १४९ आम्ही इतक्या वेळा पाहिलेत की तो आकडा दिसला की आपोआप पट्टी हातात यायची. मोजमाप रस्त्याच्या मध्यरेषेवर कुठून कुठपर्यंत धरलंय ते बघायचं. पण उगाच संशय नको. खरोखर १४८ असू शकतं, आणि असेल तर नियमात बसतं.

पायाभरणी
मी व्यवसायाने डेव्हलपर. छोटा. तालुका पातळीवर पाच-सहा ले-आऊट केलेत. इथे नेहमीप्रमाणे आम्ही खलनायक ठरणार, म्हणून आधीच बोलतो.

दहा टक्के ओपन स्पेस, रस्त्यात साधारण पाचवा हिस्सा, कोपऱ्यात ट्रान्सफॉर्मरला जागा. एकरातली किती गुंठे जमीन विकायला उरते ते मोजा. वर मोजणी फी, विकास शुल्क, रस्ते, गटार, पोल. आणि फाइल एका टेबलावर दोन दोन महिने. १४८ मीटरचा रस्ता काढणं ही चोरी नाही, त्याला डिझाइन म्हणतात. तुम्हीही आयकरात ८०सी बघूनच गुंतवणूक करता ना?

ओढ्याचं मात्र मान्य. ओढा चर म्हणून दाखवणारा माणूस मूर्ख आहे. पुढे पाणी प्लॉटमध्ये शिरलं की गिऱ्हाईक त्याच्याच दारात येणार.

मृद्गंध
पायाभरणी, गिऱ्हाईक दारात येईपर्यंत तो माणूस दुसऱ्या तालुक्यात तिसरा ले-आऊट करत असतो हो.

मोजणीवाला
भूमी अभिलेखमध्ये आहे, जास्त बोलणार नाही. दोन गोष्टी.

एक, मंजुरी दोन टप्प्यांत असते. आधी तात्पुरता अभिन्यास. मग त्याप्रमाणे जागेवर रस्ते, प्लॉट आखून आमच्याकडून मोजणी. मोजणीत आलेल्या प्रत्यक्ष मापांवर अंतिम अभिन्यास. त्यानंतर कमी-जास्त पत्रक (मोजणीप्रमाणे क्षेत्राच्या नोंदी बदलणारा कागद) होऊन प्लॉटचे वेगळे सातबारे. लोक तात्पुरत्यावर बुकिंग देतात आणि अंतिमला प्लॉट नंबर १७ चा १९ होतो, मग बोंब.

दोन, ओढा. नकाशात कुणी काय शब्द लिहिला त्याला महत्त्व नाही. गावनकाशा काढा. सरकारी ओढा असेल तर त्यात दोन रेघांत दिसतो आणि त्याला गट नंबर नसतो. गटाच्या आतून जात असेल तर सातबारावर पोटखराब, म्हणजे लागवडीला न येणारं क्षेत्र, बघा. पोटखराबात 'अ' आणि 'ब' असतं. ओढे, रस्ते अशा सार्वजनिक वापराखालचं क्षेत्र 'ब' मध्ये येतं. तिथे आकडा असेल तर 'चर' म्हणणाऱ्याची पंचाईत होते.

सातबारा_कोरा
पोटखराब ब! माझ्या आयडीची लाज वाटतेय, मला हे माहीत नव्हतं.

शमीची_फांदी
ओपन स्पेसबद्दल माझे दोन पैसे. आमची कॉलनी १९९४ सालची. नकाशात मधोमध झकास चौकोनी ओपन स्पेस. आधी त्यात मुलं क्रिकेट खेळायची. मग कुणीतरी कोपऱ्यात एक शेंदूर लावलेला दगड ठेवला. वर्षभरात कट्टा, दोन वर्षांत पत्रे, पाच वर्षांत सभामंडप. मंडपाला वर्गणी मीही दिली, हे कबूल करते. आता लग्नांना भाड्याने जातो. मुलं रस्त्यावर खेळतात आणि मंडपातले काका त्यांच्यावर ओरडतात.

तर ओढ्याकाठचे, तुमच्याकडे ती जागा लांब पट्टी आहे म्हणताय. रुंदी किती? आमच्याकडे निदान चौकोन होता म्हणून कुणाला तरी घ्यावासा वाटला. पट्टीचं काय होतं माहितेय? शेवटच्या रांगेतले प्लॉटवाले आपापल्या मागची पट्टी कंपाउंडमध्ये घेतात. दोन वर्षांत ओपन स्पेस गायब, कुणी चोरलीही नाही.

नाक्यावरचा
'कुणी चोरलीही नाही' हे भारी. फ्रेम करून घ्या.

तळटीप
वकिली करते, जमिनीची प्रकरणं बघते. मूळ प्रश्नातला शेवटचा भाग कुणीच घेतला नाही, तो मी घेते: शेजाऱ्यांना विचारतात का?

सरळ उत्तर, नाही. विकास आराखडा होतो तेव्हा १९६६ च्या नगररचना अधिनियमाच्या कलम २६ खाली प्रारूप प्रसिद्ध करून हरकती-सूचना मागवतात. हरकत घ्यायची कायद्याने दिलेली वेळ ती. एकदा जमीन रहिवास विभागात गेली की पुढचा ले-आऊट म्हणजे मालक आणि नियोजन प्राधिकरण या दोघांतला व्यवहार. कलम ४५ खाली त्यांनी परवानगी द्यायची, अटींसह द्यायची किंवा नाकारायची. ६० दिवसांत काहीच कळवलं नाही तर परवानगी मिळाली असं मानलं जातं, अर्थात प्रस्ताव नियमात बसत असेल तरच. यात शेजाऱ्याला नोटीस नाही, सुनावणी नाही.

पण याचा अर्थ शेजाऱ्याने गप्प बसावं असा नाही. मुख्याधिकाऱ्यांच्या नावे साधा अर्ज द्या, आवक नंबर घ्या, पोच जपून ठेवा. अर्जात भावना नकोत. 'आम्हाला त्रास होईल' लिहिलंत की तो अर्ज तिथेच संपला. 'प्रस्तावात अमुक बाजूचा नैसर्गिक ओढा चर म्हणून दाखवला आहे, सोबत गावनकाशाची प्रत व पुराच्या पाण्याची छायाचित्रे' असं लिहा. एकदा हे फाइलला लागलं की सही करणाऱ्याला 'आम्हाला माहीत नव्हतं' म्हणायची सोय राहत नाही. तुमच्या हातात सध्या एवढंच आहे, पण ते थोडं नाही. वस्तुस्थिती लपवून घेतलेली परवानगी नंतर अडचणीत येऊ शकते, आणि हे सही करणाऱ्यालाही ठाऊक असतं.

ओळखीतून मिळालेला फोटो मात्र अर्जाला जोडू नका. माहितीच्या अधिकारात रीतसर प्रत मागा.

पायाभरणी
तळटीपताई, ते ६० दिवसांचं वाचून आमच्या लाइनीतला प्रत्येक जण हसतो. एकोणसाठाव्या दिवशी एक त्रुटीपत्र येतं. 'नकाशावर उत्तर दिशा दर्शवावी.' की पुन्हा घड्याळ शून्यावर.

रेखाटणी
उत्तर दिशा न दाखवलेला नकाशा सादर करू नये मग! (हे पत्र बहुधा मीच टाइप केलं असेल.)

उगाचच
=)) धागा इथे संपला तरी चालेल.

गुंठाभर_स्वप्न
सगळे मंजुरीवाल्या ले-आऊटबद्दल बोलताय म्हणून माझं थोडं वेगळं. २०१९ ला दोन गुंठे घेतले, शहरापासून बारा किलोमीटरवर. 'ग्रामपंचायत एनए' म्हणून सांगितलं. फ्लेक्सवर गेट, कारंजं, घोडा. प्रत्यक्षात सामाईक सातबाऱ्यावर चौदा नावं आणि आत जायला पाणंद. ग्रामपंचायतीला ले-आऊट मंजूर करायचा अधिकारच नाही, हे मला २०२१ मध्ये कळलं, तेही मुलीच्या नावाने बक्षीसपत्र करायला गेलो तेव्हा. जुलै २०२१ च्या परिपत्रकामुळे मंजूर ले-आऊट नसलेल्या गुंठ्यांची दस्तनोंदणी बंद झाली होती. पुढच्या वर्षी औरंगाबाद खंडपीठाने ते परिपत्रक रद्द केलं, पण तोवर माझी झोप उडून गेली होती.

दस्त नोंदला म्हणजे मंजुरी मिळाली असं नाही. हे वाक्य मला कुणीतरी २०१९ मध्ये सांगायला हवं होतं.

तळटीप
त्या परिपत्रकामागे १९४७ चा तुकडेबंदी कायदा, शेतजमिनीचे फार लहान तुकडे पाडू न देणारा. नोंदणी कार्यालय दस्त नोंदतं, मंजुरी देत नाही. दोन्ही कामं एकच समजून अर्धा महाराष्ट्र फसतो. तुमचा प्लॉट नगरपालिका-महापालिका हद्दीत असता तर गुंठेवारीत, म्हणजे विनामंजुरी गुंठ्यांनी विकलेल्या प्लॉटांच्या कायद्यात, नियमित करायचा मार्ग तरी होता. २००१ च्या कायद्याची कालमर्यादा नंतर ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढवली होती. कागद घेऊन कुणाला तरी प्रत्यक्ष दाखवा, इथे सल्ला देणं बरोबर नाही.

मृद्गंध
घोडा का असतो पण? प्रत्येक प्लॉटिंगच्या फ्लेक्सवर एक पांढरा घोडा. त्या दोन गुंठ्यांत घोडा बांधणार कुठे?

नाक्यावरचा
क्लबहाऊसमध्ये. क्लबहाऊसही फ्लेक्सवरच असतं, त्यामुळे त्याची सोय होते.

सातबारा_कोरा
महारेराचं, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांवर नजर ठेवणाऱ्या प्राधिकरणाचं, कुणी बोललं नाही. प्लॉटिंगलाही नोंदणी लागते ना?

पायाभरणी
लागते. जमीन ५०० चौ.मी.च्या आत किंवा प्लॉट आठपर्यंत असतील तरच सूट. ३८ प्लॉट म्हणजे नोंदणी नंबराशिवाय जाहिरातही करता येत नाही. चुन्याच्या रेघांसोबत बोर्ड लागला असेल तर त्यावर नंबर आहे का बघा.

सांगलीकर_बाहेरचा
ओढा 'चर' होतो कसा, ते आमच्याकडे येऊन बघा. आम्ही २००५ पाहिला, २०१९ पाहिला, २०२१ पाहिला. नदीला निळी आणि लाल पूररेषा आखलेली असते. निळी म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतल्या. निळीच्या आत बांधायचं नाही. पण गल्लीबोळातल्या ओढ्यांना कुठली रेषा? ते नकाशात बारीक होत जातात आणि पावसाळ्यात एकदम आठवण करून देतात. २०१९ ला आमच्या मावशीच्या घरात पाणी नदीकडून आलंच नाही. मागून, बुजवलेल्या ओढ्यातून उलटं आलं. ती पुढच्या दारात वाळूची पोती रचून बसली होती.

शमीची_फांदी
बाप रे.

ओढ्याकाठचा
बऱ्याच दिवसांनी येतोय, क्षमस्व. मंडळींच्या सूचनेप्रमाणे उद्योग केले, त्याचा वृत्तांत.

गावनकाशा काढला. ओढा दोन रेघांत, अगदी मोजणीवाला म्हणाले तसा, वळणासकट. सातबारावर पोटखराब 'ब' मध्येही चार आर दिसतात. म्हणजे काही भाग सरकारी आणि एका वळणावर तो गटाच्या आत शिरतो. तळटीपताईंच्या मसुद्याप्रमाणे अर्ज दिला. आवक लिपिकाने दोनदा विचारलं, 'तुमचा प्लॉट आहे का यात?' नाही म्हटल्यावर त्याला माझी कीव आली असावी.

आणि मग परवा अधिकारी जागेवर आले! गाडीतून उतरलेसुद्धा. नगररचनेच्या एक तरुण मॅडम, नगरपरिषदेचे अभियंता, जागामालकाचा आर्किटेक्ट आणि टेप धरायला एक मुलगा. मी कुंपणापाशी उभा. मॅडमनी नकाशा बॉनेटवर पसरला, वाऱ्याने उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले, आणि पहिल्यांदा बोट ठेवलं ते हिरव्या रेघेवर. रेखाटणीकाका, तुमची आठवण झाली. पोहोच रस्ता अखंड हिरवा दाखवलाय आणि जागेवर ती पाटलांच्या मळ्याची गाडीवाट आहे, मध्ये लाकडी फाटक. मॅडम फाटकापर्यंत चालत गेल्या, फाटकाचा फोटो काढला, परत आल्या. बोलल्या काहीच नाहीत.

मग ओढा. आर्किटेक्ट म्हणाला, 'मॅडम, यात पाणी नसतं.' त्यांनी विचारलं, 'मग या बाभळींच्या बुंध्यांना इतक्या वर पिशव्या कुणी बांधल्या?' खरंच, कमरेच्या उंचीला पिशव्या आणि गवत अडकलेलं होतं, मागच्या पावसाचं. मी इतकी वर्षं रोज बघतो, मला कधी सुचलं नाही. मुलाला टेप धरायला लावून तीन ठिकाणी रुंदी मोजली. एका ठिकाणी सव्वासात मीटर भरली.

रेखाटणी
बुंध्यावरची पिशवी! वा. हे कुठल्याही नियमावलीत नाही. पोरगी चांगली आहे, तिला कुणी लवकर बदलू नये म्हणजे झालं.

उगाचच
माझा काच खाली-वर हा प्रतिसाद मी मागे घेतो. तात्पुरता. अंतिम मोजणीनंतर बघू.

पायाभरणी
बरोबर मोजलं त्यांनी. माझ्या प्रस्तावात असं झालं असतं तर शिव्या घातल्या असत्या, पण बरोबर आहे. आता तो आर्किटेक्ट सुधारित नकाशा देईल, त्यात चार-पाच प्लॉट जातील. तुम्ही मात्र सुधारित नकाशाही बघा. पहिल्यात हरकत घेतली की लोक निवांत होतात आणि ओढा दुसऱ्या नकाशात पुन्हा हळूच बारीक होतो.

मोजणीवाला
आणि पोहोच रस्त्याचं विसरू नका. ओढा सुटेल, फाटक सुटणार नाही. पाटलांनी लिहून दिल्याशिवाय ती वाट हिरवी होत नाही.

मृद्गंध
पाटील काय म्हणतात?

ओढ्याकाठचा
पाटील काल संध्याकाळी घरी आले होते. चहा घेतला. म्हणाले, 'तुम्ही फक्त ओढ्याबद्दलच लिहिलंय ना अर्जात?' हो म्हटलं. 'मग ठीक,' म्हणाले, आणि गेले.

आज सकाळी बघतो तर फाटक काढलेलं आहे.

नाक्यावरचा
आयला.

तळटीप
फाटकाचा फोटो मॅडमकडे आहे ना? तारखेसकट?

ओढ्याकाठचा
आहे. माझ्याकडेही आहे. त्यात पाटलांचा बैलही आलाय.